उत्तर: सोल्डर चकचकीत, पण रिसीव्हर मुका

चाळीस मीटर या हौशी रेडिओच्या लहरपट्ट्यासाठीच्या रिसीव्हर किटमध्ये सगळे सोल्डर नीट दिसतात तरी आवाज नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी टोरॉइड, म्हणजे रिंगवर तार गुंडाळलेली कॉइल, बघा. तारेवरचं इनॅमल (वीजरोधक लेप) खरवडलं नसेल तर सोल्डर नुसतं वर बसतं, जोड होतच नाही. माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या! टोकं ब्लेडने खरवडा, सोल्डरचा पातळ थर द्या, मग मल्टिमीटरवर पॅड ते पॅड (बोर्डावर तारेची टोकं सोल्डर होतात त्या दोन जागांमध्ये) बीप येतो का ऐका.

वेढेही पुन्हा मोजा. तार रिंगच्या आतून जितक्या वेळा जाते तितके वेढे. टी-३७-२ या लाल रिंगवर १६ वेढ्यांना साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (कॉइलचं मूल्य, ज्यावर ट्यूनिंग ठरतं). एक कमी पडला की १२ टक्के घट. किरकोळ फरक असेल तर तार सोडवू नका, वेढे जवळ सरकवा, इंडक्टन्स थोडा वाढतो.