मदत हवी आहे: ताईला अमेरिकेत ज्यूरी ड्यूटीचं समन्स आलंय

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, कॉलेज रोडला राहते. ताई सॅन होजेला असते, गेल्या वर्षीच तिला तिकडचं नागरिकत्व मिळालं. परवा तिला सांता क्लारा काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कोर्टाकडून ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निर्णय द्यायला बसणाऱ्या सामान्य नागरिकांत सामील व्हायचं, समन्स आलं. घरच्या ग्रुपवर फोटो पडताच आई घाबरली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तिचं ठरलेलं. काकांना वाटलं, पोलीस पंचनाम्याला पंच म्हणून कुणाला तरी धरून नेतात, तसलंच काहीतरी असेल.

अडचण ही की, समन्सचा आठवडा नेमका बाबांच्या पंच्याहत्तरीचा आहे आणि ताईची तिकिटं काढून झालीत. तिच्या ऑफिसातल्या एकाने सल्ला दिला, "इंग्रजी नीट समजत नाही म्हणून कळव, सुटशील." ती १६ वर्षं तिथे इंग्रजीतच नोकरी करतेय.

हे ऐकून बाबा ताटावरून उठले. ते आपल्या जिल्हा न्यायालयात नाझर (कोर्टाच्या कार्यालयातले अधिकारी) होते. ज्यूरी त्यांनीही पाहिलेली नाही, कारण ते नोकरीला लागायच्या आधीच, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती काढून टाकली होती. पण त्यांनी समन्सची प्रिंट काढून आणायला लावली आणि भिंग लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग ताईला फोन केला. "१९०८ साली टिळकांच्या खटल्यात ९ ज्यूरर होते, ७ युरोपियन, २ पारशी. खटला ज्यावर होता ते 'केसरी'तले लेख मराठीतले, आणि ज्यूरर ते भाषांतरावरून जोखायला बसले होते. ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं, टिळक ६ वर्षं मंडालेला गेले. ज्यूरीत कोण बसतं यावर माणसाचं आयुष्य ठरतं. तुला बोलावलंय आणि तू खोटं लिहून घरी बसणार?"

ताई रडली. तिला टाळायचं नाहीये, भीती वाटतेय. आपले उच्चार, तिकडचा कायदा, काहीच माहीत नाही म्हणते. मला तिच्यासाठी विचारायचंय: तारीख पुढे ढकलता येते का? ज्यूरर निवडतात कसे? आणि निवड झालीच तर नेमकं काय करावं लागतं?

प्रतिसाद

तारखेची काळजी सोडा. काउंटीच्या वेबसाइटवर विनंती करायची, पहिल्यांदा मागितली की सहज मिळते. फॉर्मवर मात्र खोटं काहीही लिहू नका, तो शपथेवर भरायचा असतो.

मी याच काउंटीत एका फौजदारी खटल्यावर बसलोय. नावं मतदार यादी आणि ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतात. समन्सवर ग्रुप नंबर असतो, उद्या यायचं की नाही ते आदल्या संध्याकाळी बघायचं. बरेच जण घरूनच सुटतात. गेलात तर न्यायाधीश आणि दोन्हीकडचे वकील प्रश्न विचारतात: काम काय करता, घरी कधी चोरी झाली होती का, नात्यात कुणी पोलिसात किंवा कोर्टात आहे का. वडील नाझर होते हे ताईंनी जरूर सांगावं. वकिलांना ठरावीक संख्येने माणसं कारण न देताही वगळता येतात, त्यामुळे घरी पाठवलं तर मनाला लावून घेऊ नका.

कायदा माहीत असायची गरजच नाही, तो न्यायाधीश समजावून सांगतात. आपण साक्षीपुरावा ऐकून एवढंच ठरवायचं की गुन्हा सिद्ध झाला की नाही. त्याला बाराही जणांचं एकमत लागतं. शिक्षा सहसा न्यायाधीश ठरवतात. मला लिहायला वही दिली होती, पण ती रोज कोर्टातच ठेवून यायची. आणि सर्वांत जड गेलेली गोष्ट म्हणजे बायकोशीसुद्धा खटल्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, इंटरनेटवरही काही शोधायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर मिळाले. माझे उच्चार अजून पक्के मराठी आहेत. चर्चेच्या खोलीत ११ जण माझं पूर्ण ऐकून घेत होते.

धागाकर्ती

मनापासून आभार! ताईने काल रात्रीच विनंती केली, जानेवारीची तारीख मिळाली. तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. "बायकोशीसुद्धा नाही" हे त्यांनी परत वाचायला लावलं. खटला संपेपर्यंत ते तिला एक शब्द विचारणार नाहीत, आणि आईनेही विचारायचं नाही असं बजावून ठेवलंय.

एकच राहिलं. तिथे रोज साधारण किती वाजता सोडतात? बाबांना नुसतं "जेवलीस का" विचारायला फोन करायचाय, त्याची इथली वेळ ठरवतोय.