२६ मेला नागपुरात सावली पूर्ण का नाहीशी होत नाही?

मानेवाडा_गच्ची:
नमस्कार मंडळी. येत्या २६ मेला सोसायटीच्या गच्चीवर पोट्ट्यांना आणि आजी-आजोबांना शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते तो क्षण, दाखवायची आहे. अडचण अशी की दीड फुटी सळई बरोबर बारा वाजता उभी केली तर पश्चिमेकडे दीड-दोन सेंटीमीटर सावली उरतेच. तारीख चुकते का? कुठे २६ लिहितात, कुठे २७. शिवाय काही जण विचारतात, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, याच्यामुळेच लागतो का? नेमकं काय मांडावं आणि साध्या शब्दांत काय सांगावं?

रेखांश७९:
तारीख बरोबर आहे, घड्याळ चुकतंय. तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. सावली पश्चिमेकडे पडते म्हणजे सूर्य अजून पूर्वेला आहे, तुम्ही लवकर पाहताय.

आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. नागपूर साधारण ७९.१ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून इथला मध्यान्ह सुमारे साडेतेरा मिनिटं उशिरा. पण पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला असल्यामुळे मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या सुमारे ३ मिनिटं पुढे धावतो. ती वजा करा. नागपूरचा खरा मध्यान्ह त्या दिवशी १२ वाजून १० ते ११ मिनिटांनी. बाराला सूर्य डोक्यापासून जवळपास अडीच अंश दूर असतो आणि ४५ सेंमी सळईची सावली १.९ सेंमी पडते. तुमचं माप तेच सांगतंय.

तारखेबाबत मात्र सूट आहे. मेअखेरीस सूर्य दिवसाला जेमतेम १० कला, म्हणजे अंशाचा सहावा भाग, उत्तरेला सरकतो. एक दिवस चुकलात तर ४५ सेंमी सळईवर फरक १.३ मिलिमीटरचा. घड्याळात पाच मिनिटं चुकलात तर तोच फरक ९ मिलिमीटर. म्हणून २६ की २७ यावर वाद घालणाऱ्यांना चहा पाजा आणि मोबाईलवर १२:१० चा गजर लावा.

ओळंबा:
वरचं सगळं खरं, पण सळई ओळंब्यात नसेल तर व्यर्थ. गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो. १ अंश तिरपेपणा म्हणजे ४५ सेंमीवर ८ मिमी. त्यामुळे १२:१० नंतरही उत्तर-दक्षिण सावली उरली तर आधी उतार तपासा.

सळईऐवजी ३ इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा घ्या. दोन्ही टोकं काटकोनात कापलेली हवीत, हार्डवेअरवाल्याकडून कटरनेच कापून घ्या, करवतीने तिरपं होतं. प्लायवुडचा तुकडा, त्यावर पांढरा कागद, खाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून पाणसळीने दोन दिशांना समतल करा, मग पाइप उभा ठेवा. मोबाईलचं पाणसळ ॲप वापरणार असाल तर कॅमेऱ्याचा उंचवटा आडवा येतो. फोन १८० अंश फिरवून पाहा, आकडा बदलला तर ते फसवतंय.

पाइपची मजा ही की मध्यान्हापूर्वी आत पूर्वेच्या बाजूला चंद्रकोरीसारखी सावली दिसते, ती बारीक होत जाते आणि १२:१० च्या सुमाराला तळाशी पूर्ण उजेडाचं वर्तुळ उमटतं. पोरांना शब्दांत सांगावंच लागत नाही.

बाटली ठेवू नका. मान बारीक, बूड रुंद, त्यामुळे वरच्या भागाची सावली बाटलीवरच पडते आणि वेळेआधीच शून्य वाटतं. उलट स्टीलचा पेला तोंडाशी रुंद असतो, त्याची सावली कधीच जात नाही. माणसाचंही तसंच, खांदे पावलांपेक्षा रुंद. कुणी म्हणेल ‘माझी तर दिसतेय’, तर हेच कारण.

मानेवाडा_गच्ची:
भाऊ, कळलं. शून्य किती वेळ टिकतं? चाळीस जण एका पाइपाभोवती कसे बघणार?

रेखांश७९:
दोनेक मिनिटं. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून सावलीची कड मुळात धूसर असते. १५ सेंमी पाइपला ती जवळजवळ दीड मिमी. शून्य म्हणजे सुरीच्या धारेसारखं शून्य नव्हे, हे आधीच सांगून टाका. पाच-सहा पाइप मांडा, ११:५५ ला सुरुवात, दर दोन मिनिटांनी कागदावर सावलीच्या टोकाशी पेन्सिलीची खूण. १२:२० ला सगळे खाली. त्या उन्हात वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि ‘सूर्य डोक्यावर आला का’ म्हणून वर कुणालाही बघू देऊ नका, सावलीच बघायची आहे.

खडूफळा:
नवतप्याबद्दल. सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो तेव्हापासूनचे नऊ दिवस, साधारण २५ मेपासून. आपल्याकडे शून्य सावली त्याच सुमारास येते हा नागपूरच्या अक्षांशाचा योग. चंद्रपूरला ती २० मेच्या आसपास, गोंदियाला २८ च्या, पण नवतपा सगळीकडे एकच. आजोबांना पटवायचा सोपा मार्ग: सूर्य परतताना १७ जुलैच्या सुमाराला, १२:२० ला, नागपूरच्या पुन्हा बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा ४५ अंश तापतं का? नाही, कारण ढग आहेत, जमीन ओली आहे.

आणखी एक, पृथ्वीचा घेरही मोजता येतो. हैदराबादला कुणी नातेवाईक असेल तर २६ मेलाच तिथल्या मध्यान्हाला १ मीटर उभ्या काठीची सावली मोजायला सांगा. वेळेची भानगड नको, बारा ते साडेबारात सगळ्यात आखूड झालेली सावली घ्यायची. ती ६.६ सेंमीच्या आसपास आणि दक्षिणेकडे पडेल, मेमध्ये हे ऐकून पुष्कळ जण चकित होतात. त्यावरून सूर्य तिथे डोक्यापासून ३.७६ अंश दूर; नागपुरात तो बरोबर डोक्यावर, म्हणून दोन गावांमधला कोनही तेवढाच. दोन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४१८ किमी. ३६० भागिले ३.७६ गुणिले ४१८, पृथ्वीचा घेर ४०,००० किमी. इरेटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये हेच केलं होतं. सावली १ मिमी चुकली तर उत्तर दीड टक्क्याने हलतं, आणि १ मीटर काठीच्या सावलीची कड ९ मिमी धूसर असते. म्हणून गडद आणि फिकट कडांच्या मधोमध खूण करायला सांगा.

मानेवाडा_गच्ची:
हैदराबादला मावसभाऊ आहे, त्याला आजच काठी आणि ओळंबा घ्यायला सांगतो. पाइप सहा कापून आणतोय.

ओळंबा:
एक जास्तीचा आणा. लू सुटली की हलका पाइप आडवा पडतो, बाहेरून मातीचा गोळा लावून ठेवा, पण कागदावरच्या खुणांच्या बाजूने नको.