क्लेरिकनं पाप केलं तर देवानं स्पेल काढून घ्यावेत का?

डीएम_कोथरूडकर: आमच्या रविवारच्या डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) टेबलवर वाद पेटलाय, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. जग फॉरगॉटन रेल्म्सचं, नियम फिफ्थ एडिशनचे. लाथॅन्डरच्या क्लेरिकनं (देवाच्या शक्तीनं स्पेल, म्हणजे मंत्र, टाकणाऱ्या पुजाऱ्यानं) शरण आलेला गॉब्लिन (छोटा राक्षस) मारला आणि वर म्हणतो पाचव्या लेव्हलला आलोय, स्पेल माझ्या हक्काचे. अरे लाथॅन्डर म्हणजे पहाटेचा, नव्या सुरुवातीचा देव! शक्ती त्याची असेल तर त्याला मत असणारच ना, नाहीतर क्लेरिक आणि अभ्यासानं जादू शिकणाऱ्या विझार्डमधे फरक काय राहिला?

नियमवाला: फिफ्थमधे असा नियमच नाहीये. थर्ड एडिशनमधे होता, देवाची आचारसंहिता उघड मोडली की स्पेल बंद, मग प्रायश्चित्त घ्या. 2014 च्या पुस्तकात शपथ मोडणाऱ्या पॅलाडिनबद्दल (धर्मयोद्ध्याबद्दल) आहे, क्लेरिकबद्दल काही नाही. घरचा नियम लावायचाय तर पहिल्या दिवशी सांगायचं.

पेठेतली_ड्रुइड: आपल्याकडं देवाला मत विचारतं कोण? भस्मासुरानं तप केलं, शंकरानं वर दिला आणि मग स्वतःच पळत सुटला. तप पुरं झालं की देव बांधील, भक्त कसा का असेना. मला तर एबेरॉन हे डीएनडीचं दुसरं जग आवडतं त्यासाठीच, तिथं देव आहेत की नाहीत हेच कुणाला नक्की माहीत नाही, ब्लड ऑफ व्होल पंथवाले तर स्वतःच्या रक्तातलं दैवी तत्त्व मानतात आणि तरी स्पेल मिळतात, सिल्व्हर फ्लेम धर्मातले भ्रष्ट पुजारीसुद्धा आरामात जखमा भरतात. रेल्म्समधे देव दारात येऊन उभा राहतो, मग विश्वास ठेवायला शिल्लक काय राहिलं?

गॉब्लिनमारू: तो क्लेरिक मीच. आधीच्या सेशनला फायटरनं दोन कैदी उडवले, त्याची तलवार कुणी काढून घेतली? धर्माचा दंड फक्त मलाच का, सांगा की.

नियमवाला: बरोबर आहे त्याचं. शिवाय रेल्म्सच्या इतिहासातल्या टाइम ऑफ ट्रबल्सनंतर एओनं, म्हणजे देवांच्याही वरच्या देवानं, देवांची ताकद भक्तांच्या श्रद्धेलाच बांधून टाकली. मग लाथॅन्डर हातातला भक्त सोडेल कशाला?

डीएम_कोथरूडकर: एक खुनी पुजारी बघून अख्खं गाव दुसऱ्या देवाकडं गेलं तर? तोही हिशोब देव करणारच की.

पेठेतली_ड्रुइड: जुन्या अ‍ॅडव्हान्स्ड डीएनडीमधे यावर मस्त तोड होती. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे (ही स्पेलची लेव्हल, पात्राची नाही) स्पेल क्लेरिकच्या स्वतःच्या श्रद्धेवर, तिसऱ्या ते पाचव्या देवाच्या सेवकांमार्फत, त्यावरचे थेट देवाकडून. म्हणजे सेवकांनी याचे फक्त तिसऱ्या लेव्हलचे अडवायचे, बाकीचे त्याचेच.

डीएम_कोथरूडकर: हे भारी आहे. या रविवारपासून लागू. आणि फायटरलाही गावातल्या धर्मशाळेत कुणी खोली देणार नाही, झालं समाधान?

गॉब्लिनमारू: म्हणजे मेलेल्याला जिवंत करणारं रिव्हिव्हिफाय गेलं! आता तोच फायटर मेला की माझ्या नावानं बोंब मारायची नाही.

पेठेतली_ड्रुइड: आणि गॉब्लिनांच्या देवाचं, मॅग्लुबियेतचं काय? एओच्या हिशोबानं त्याचाही एक भक्त कमी झालाय, तो गप्प बसणारे का?