चर्चा: हापूस बुकिंगची साइट ८४४३ पोर्टवर की सरळ ४४३ वर?

खाडीकाठ (रत्नागिरी)
ऐन हापूसच्या हंगामात मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला. "अरे, ऑफिसातून तुझी साइट उघडतच नाही, मोबाइलवर उघडते." दोन दिवस मी सर्टिफिकेट, डीएनएस, राउटर सगळं धुंडाळलं. साइट होती ८४४३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचा क्रमांक दिलेला दरवाजा) आणि त्यांच्या ऑफिसच्या फायरवॉलमधून बाहेर जायला फक्त ८० (साधं एचटीटीपी) आणि ४४३ (सुरक्षित एचटीटीपीएस) उघडे! पडवीत पेट्या भरून तयार आणि बुकिंग अडलेलं.
तेव्हापासून माझं ठाम मत आहे: लोकांसाठीची साइट ४४३ वरच हवी. ८० सुद्धा उघडा ठेवावा, पण फक्त ४४३ कडे वळवण्यासाठी. एनक्रिप्शन टीएलएस हा प्रोटोकॉल करतो, पोर्टचा आकडा नाही.

नारळीपोफळी (गुहागर)
नाही पटलं, भाऊ. मी ४४३ उघडला त्याच रात्री लॉग (कोण काय मागतं याची नोंद) भरला. माझ्याकडे वर्डप्रेस नाही, तरी कुणीतरी त्याचं लॉगिन पान सारखं मागत होतं. ८४४३ वर हा त्रास खूपच कमी आहे. शिवाय लिनक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट धरायला सहसा रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार लागतात. साइट चालवणारा अख्खा टॉमकॅट सर्व्हर रूटने चालवायला माझा जीव धजावत नाही.

खाडीकाठ
टॉमकॅट रूटने चालवूच नका. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवा. त्याची मुख्य प्रोसेस रूटने सुरू होऊन ४४३ धरते, पण रिक्वेस्ट हाताळणारे वर्कर साध्या युजरखाली चालतात. टॉमकॅट मागे ८०८० वर, तोही फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवरून ऐकणारा. मग फायरवॉलमध्ये ८०८० उघडायचं कारणच उरत नाही. एवढाही खटाटोप नको असेल तर राउटरवर बाहेरचा ४४३ आतल्या ८४४३ कडे फॉरवर्ड करा. गिऱ्हाइकाला आकडा दिसणारच नाही.
आणि लपण्याचं म्हणाल, तर २०१३ मध्येच झेडमॅप या स्कॅनरने अख्ख्या आयपीव्ही४ वरचा (इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांवरचा) एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासून दाखवला होता. ८४४३ किती दिवस लपेल?

भरतीओहोटी (मालवण)
४४३ चा खरा, पण ८० चा माका पटाक नाय. पहिली रिक्वेस्ट उघडी जाते. लॉजच्या वायफायवर मधे बसलेला माणूस तिथेच ती भलतीकडे वळवू शकतो. बंदच ठेवा.

खाडीकाठ
ताई, धोका खरा आहे, पण त्यावर एचएसटीएस हेडर आहे. एकदा साइट नीट उघडली की पुढे ब्राउझर स्वतःहून एचटीटीपीएसनेच येतो. मी ८० बंद करून पाहिला होता. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी-०१ तपासणी ८० वरच होते, त्यामुळे नूतनीकरण गुपचूप अडलं आणि ९० दिवसांचं सर्टिफिकेट संपलं. लाल इशारा पाहून लोक परत गेले.

भरतीओहोटी
म्हणूनच मी डीएनएस-०१ ही दुसरी तपासणी वापरते. डोमेनच्या डीएनएसमधला टीएक्सटी रेकॉर्ड आपोआप बदलतो, एकही पोर्ट उघडावा लागत नाही. माझा ८० बंदच राहील.

सुरंगी (देवगड)
आधी राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेकांना वाटते त्या व्यवस्थेच्या) मागे आहात आणि घरच्या राउटरवरचं फॉरवर्डिंग कितीही बरोबर असलं तरी बाहेरून कुणी आत पोचणार नाही. माझा पूर्ण रविवार ह्यात गेला. आता भाड्याच्या सर्व्हरवर ४४३ आहे आणि घरच्या मशीनमधून तिथे बोगदा जातो, घरी एकही पोर्ट उघडा नाही. माझ्या मते पावसाळ्यात वीज जाणाऱ्या आपल्या गावांत हेच बरं. पूर्ण साइट नाही, तरी "लवकरच परत येतो" हे पान तरी लोकांना दिसतं.
अजून एक. दूरच्या सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करण्याआधी २२ ला (दूरून लॉगिन करायच्या एसएसएच पोर्टला) परवानगी द्या. मी विसरले आणि माझ्याच सर्व्हरबाहेर राहिले.

नारळीपोफळी
वॅन पत्ता पाहिला, सार्वजनिक आहे. ४४३ आतल्या ८४४३ कडे वळवलाय. पण घरातून उघडत नाही?

खाडीकाठ
दादा, घरच्या वायफायवरून तपासू नका. आपलाच बाहेरचा पत्ता आतून मागितला की बरेच राउटर गोंधळतात. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा.

नारळीपोफळी
उघडलं. ८४४३ बाहेरून बंद केला. त्या लॉगिन पान मागणाऱ्यांसाठी फेलटूबॅन (असे पत्ते आपोआप अडवणारा प्रोग्रॅम) मात्र लावणारच.