अनुभव धागा: कोकणातल्या खाड्या-नद्यांवर कयाक सहल कशी आखता?

सावित्रीकाठ
गेल्या डिसेंबरात मी आणि धाकटी बहीण सावित्रीत उतरलो होतो. दासगावहून निघायचं, आंबेतला मुक्काम, दुसऱ्या दिवशी बाणकोट खाडीच्या तोंडाशी वेशवीच्या जेटीवर बाहेर. नकाशावर अंतर मोजलं, ताशी 4 किलोमीटर धरले. भरती-ओहोटीचा तक्ताही बघितला होता. पौर्णिमा होती, अकरानंतर पाणी उतरायला लागणार, म्हणजे ओहोटीच आपल्याला खाली नेईल असा हिशेब केला. वाऱ्याचा विचार कुणीच केला नाही.

आंबेतच्या पुलाखालून निघालो तेव्हा पाणी अगदी शांत होतं. बाराच्या सुमारास समोरून पश्चिमेचा वारा उठला आणि उतरत्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा यायला लागल्या. आमच्या कयाक हवा भरायच्या, वजनाला हलक्या. वल्हं थांबलं की ओहोटी असूनही मागे जात होतो. बहिणीच्या मांडीपर्यंत पाणी साचलं होतं, तशीच वल्हवत होती. शेवटी एका मच्छीमार दादांनी होडी आडवी घालून आम्हाला काठाला लावलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, वर घरी नेऊन चहा पाजला.

यंदा पुन्हा जायचंच आहे. तुम्ही कुठल्या नदीत, कोणत्या तिथीला, किती वाजता उतरलात आणि काय चुकलं, ते सविस्तर लिहा. घाटावरच्या नद्याही चालतील.

आजोळ बाणकोट
ताई, तुमची सहल उलटी करा. माझे मामा खाडीत जाळी लावतात, त्यांना छापील तक्ता कधी लागला नाही. तिथीची पाऊणकी करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाज पक्का मिळतो. ही वेळ खाडीच्या तोंडाची. आत जाल तशी भरती उशिरा पोचते.

आता तुमचाच दिवस घ्या. पौर्णिमेला पहाटे पाचच्या पुढे पाणी चढायला लागतं. साडेसहाला वेशवीहून आत निघालात तर चढतं पाणी तुमचं, आणि अकरानंतर वारा उठला तरी तो पाठीवर. पाणी आणि वारा एका दिशेचे असले की लाट उभी राहत नाही. तुम्ही गेलात तेव्हा दोघं एकमेकांवर आले होते.

नवखं कुणी सोबत असेल तर अष्टमीच्या आसपास जा. तेव्हा भांगाचं पाणी, म्हणजे लहान भरती-ओहोटी, त्याला ओढ कमी. उधाणात ओहोटीला इतका चिखल उघडा पडतो की काठ दिसतो, पण गाठता येत नाही. मी एकदा पाय टाकला आणि मांडीपर्यंत गेलो. वर निघताना कालवांच्या धारदार शिंपल्यांनी पोटरी फाडली, ती खूण अजून आहे. जुने कॅनव्हासचे बूट घाला, चप्पल चिखलातच राहते.

गोवळकोट
वाशिष्ठीत येणार असाल तर दोन गोष्टी. पहिली, मगरी. थंडीत त्या सकाळच्या उन्हाला काठावर येऊन पडतात. उतरायची जागा निवडताना मी आधी चिखल बघते. पोट घासत पाण्यात गेल्याची रुंद, ओली घसरण दिसली, दोन्ही बाजूंना पंजे उमटलेले असले, की तिथे होडी लावायची नाही, कितीही सावली असो. डबा खायला गावची जेटीच बरी. पाण्यात हातपाय सोडून बसू नका. पण घाबरून येऊच नका असं मी कधी म्हणणार नाही, कारण ही खाडी फार सुंदर आहे. फक्त त्यांच्यापासून अंतर ठेवा.

दुसरी, कोयनेचं अवजल. पोफळीला वीजनिर्मिती सुरू असली की ते पाणी वाशिष्ठीत येतं. पाऊस नसताना चिपळूणच्या वर पाणी वाढलेलं दिसलं तर ते हेच. निघण्याआधी काठच्या माणसांना विचारा.

कोलाडवारी
कुंडलिकेवर तिथी चालत नाही, वीजघर चालतं. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटलं की नदी वाहते, ते पुढे गेलं की दगड वर येतात. आम्ही उशिरा पोचलो आणि अर्धा वेळ कयाक ओढत चाललो. आदल्या संध्याकाळी तिथल्या राफ्टिंगवाल्यांना फोन करून वेळ विचारा.

पंचगंगेचा
घाटावरचा अनुभव लिहितो. प्रयाग चिखलीला उतरून नरसोबाच्या वाडीला निघायचं, साधारण 80 किलोमीटर, असा बेत होता. नकाशात नदी सलग दिसते, पण मध्ये राजाराम, रुई, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापुरी बंधारे आहेत. पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या मोऱ्या बंद करायच्या फळ्या, घातले की वरचं पाणी तळ्यासारखं उभं राहतं, प्रवाह काही मदत करत नाही. प्रत्येक बंधाऱ्याला अलीकडेच काठ गाठायचा, कयाक खांद्यावर घ्यायची, बांधावरून पलीकडे. बरगे काढलेले असतील तर जवळही जाऊ नका, मोरीतून पाणी ओढून घेतं. इचलकरंजीच्या खाली जलपर्णी एवढी दाट होती की वल्हं रुतायचं. तो टप्पा आम्ही टेम्पोने केला. नदीची ती अवस्था बघून आमच्यापैकी कुणी बराच वेळ बोललं नाही.

चोडणपार
मांडवीत बार्जची लाट येते ती बार्ज निघून गेल्यावर. आडवे राहू नका, कयाकचं नाक लाटेकडे करा. कुंभारजुवेच्या कालव्यात पाणी मांडवीकडूनही येतं आणि जुवारीकडूनही, त्यामुळे ओढ कुठे आहे ते तिथे जाऊनच कळतं. मगरी तिथेही आहेत.

सावित्रीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. बेत उलटा केला: अमावास्या, पहाटे वेशवी, मुक्काम आंबेत. रात्री कयाक कुठे ठेवता?

आजोळ बाणकोट
शक्यतो वर, जमिनीवर, उधाणाची ओली रेघ जिथे संपते त्याच्याही वर. मी पहिल्यांदा भरतीला जेटीच्या कड्याला आखूड दोराने बांधून झोपलो होतो. पहाटे पाणी उतरलेलं, कयाक नाकाने लोंबकळतेय, वल्ही आणि पाण्याचा कॅन खाडीने नेलेला. बांधायचीच वेळ आली तर दोर लांब सोडा आणि वल्ही उशाशी घ्या.