लाइव्ह सीडी लावली की जुना पीसी अडकतो, काय करू?

खाजेवाली (डिचोली)
बाबांचा जुना पीसी आहे. पेंटियम ४, रॅम २५६ च्या दोन पट्ट्या म्हणजे ५१२ एमबी, ४० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलची) डिस्क. विंडोज एक्सपी सुरूच होत नाही. आत आमच्या घरच्या चतुर्थीच्या घुमट आरत्यांचं रेकॉर्डिंग आहे, त्यात थोरल्या काकांचं घुमट (मातीच्या घटाचं, चामडं लावलेलं वाद्य) आहे, आणि काका आता नाहीत. पीसी टाकून दिला तरी चालेल, आरत्या हव्यात.

म्हणून लुबुंटू १४.०४ (हलकं लिनक्स) ची ३२ बिट लाइव्ह सीडी केली, म्हणजे डिस्कवर काही न बसवता सीडीवरूनच पीसी सुरू होतो. लोगो येतो, खाली टिंबं पळतात आणि मग थिजतात. एकदा अर्धा तास वाट पाहिली. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला. उघडूनसुद्धा पाहिला नाही त्याने.

फोंड्याचा_पंप
लोगोच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही तोवर सगळे अंदाजच. सीडी सुरू होताना खाली कीबोर्डचं छोटं चित्र दिसतं, तेव्हा कुठलंही बटण दाबा. मेनू आला की एफ६, मग एस्केप. एक ओळ दिसेल, तिच्यातले क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द खोडून एंटर मारा. आता काळ्या पडद्यावर ओळी धावतील. जिथे थांबेल तिथला फोटो टाका.

त्याच मेनूत सीडी तपासायची सोय आहे, तीही चालवा. दोनदा.

जुनंसामान (म्हापसा)
एवढा खटाटोप कशाला? डिस्क काढा, आयडीई ते यूएसबी अडॅप्टर घ्या, लॅपटॉपला लावा, कॉपी करा. पीसी भंगारात.

फोंड्याचा_पंप
बरोबर आहे, मीही शेवटी तेच सांगणार होतो. पण अडॅप्टर हाताशी नसेल तर सीडीला काही खर्च नाही.

खाजेवाली
अडॅप्टर इथे दोन दुकानांत विचारला, नाही. फोटो टाकलाय. शेवटी ‘स्क्वॅशएफएस एरर’च्या (सीडीवरच्या दाबून भरलेल्या फाइली वाचता येत नसल्याच्या) ओळी एकाखाली एक. सीडी तपासली तर पहिल्यांदा ३ फाइली खराब म्हणाली, दुसऱ्यांदा ७. सीडी परत लिहू का?

फोंड्याचा_पंप
थांबा! याच्यासाठीच दोनदा म्हटलं होतं. सीडी खराब असती तर बहुतेक वेळा त्याच फाइली अडल्या असत्या. आकडा बदलतोय म्हणजे वाचलेलं वाटेत बिघडतंय, रॅममध्ये किंवा ड्राइव्हच्या केबलमध्ये. माझा संशय रॅमवर. मेनूतच मेमरी टेस्ट आहे, रात्री लावून झोपा. लाल ओळ दिसली की कळलं.

पावसाळी_बेडूक (काणकोण)
रॅम बदलायच्या आधी खोडरबर. हसू नका, आमच्याकडे चार महिने भिंतीला बुरशी येते, मग पट्टीचे सोनेरी दात कसे स्वच्छ राहतील? वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, पट्टी काढून दात पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, भुसा फुंकू नका (थुंकी उडते), ब्रशने झटका. खाच पण ब्रशने. माझ्या कॅबिनेटमध्ये तर मुंग्यांनी अंडी घातली होती.

उघडलंच आहे तर प्रोसेसरच्या आजूबाजूची उभी नळकांडी (कपॅसिटर) बघा. त्यांची टोपी फुगलेली असेल तर दुकानदार खरा ठरेल.

खाजेवाली
टोप्या सपाट आहेत. मेमरी टेस्टमध्ये लाल ओळी आल्या, त्याही पाच मिनिटांत. एकेक पट्टी लावून पाहिली, दोष दुसरीचा. तिचे दात काळपट पडलेले. घासले, पुन्हा लावली, रात्रभर टेस्ट चालली, एकही लाल ओळ नाही!! सीडी तपासली, शून्य चुका.

पण आता ओळी संपल्या की पडदा काळा. ड्राइव्हचा आवाज मात्र चालू आहे.

फोंड्याचा_पंप
हे सोपं. परत एफ६, यादीत नोमोडसेट आहे, त्याच्यावर खूण करा. जुन्या ग्राफिक्सशी कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) जमत नाही, तेव्हा नोमोडसेटने पडदा साध्या पद्धतीने चालतो. त्यानेही नाही झालं तरच त्याच यादीतलं एसीपीआय ऑफ (वीज-व्यवस्थापन बंद). दोन्ही एकदम लावू नका, नाहीतर कशाने झालं ते कळणार नाही. आत गेल्यावर एक्सपीच्या डिस्कवर काहीही लिहू नका, फक्त कॉपी करा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणार नाही.

खाजेवाली
मिळाल्या! फोल्डरचं नाव होतं ‘न्यू फोल्डर २’, बाबांची पद्धत. अकरा फाइली. पहिल्याच फाइलीत आरती सुरू व्हायच्या आधी काका कोणाला तरी ओरडतायत, ‘अरे, ते घुमट जरा उन्हात धर रे.’ आई पुन्हा पुन्हा तेवढंच लावते.

एक फाइल मात्र शून्य केबी दाखवते. तिच्यासाठी वेगळा धागा काढू?

जुनंसामान
काढा. आणि तोवर तो पीसी बंदच ठेवा. भंगाराचं मी म्हटलं होतं ते मागे घेतो.