वॉरन झीव्हॉन नवख्या श्रोत्यांना कुठून ऐकवावा?

धरमपेठी श्रोता

नमस्कार. वॉरन झीव्हॉन या उपेक्षित अमेरिकन रॉक गायक-गीतकाराची गाणी मी गेली सुमारे तीस वर्षे ऐकत आहे. (अनेकजण ‘झेव्हॉन’ म्हणतात; ते कानाला खटकते.) गंमत अशी की, माझी त्याच्याशी ओळख त्याच्या आवाजातून झालीच नाही. सीताबर्डीला जुन्या कॅसेटी विकणाऱ्याकडे अमेरिकन गायिका लिंडा रॉन्स्टॅटची १९७७ची ‘सिंपल ड्रीम्स’ मिळाली. तिच्यातली जी दोन गाणी मी टेप मागे फिरवून पुन्हा पुन्हा ऐकत असे, ती दोन्ही एकाच माणसाने लिहिली आहेत, हे कॅसेटीतल्या घडीच्या कागदावरच्या बारीक अक्षरांवरून समजले. त्या माणसाच्या स्वतःच्या आवाजापर्यंत पोहोचायला मात्र आणखी काही वर्षे गेली.

कोजागिरीनंतरच्या शनिवारी आठ स्नेह्यांना घरी बोलावून तासभर फक्त झीव्हॉन ऐकवण्याचा माझा बेत आहे. मंडळी कानाची तयार आहेत, पण ती नाट्यसंगीत, गझल आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांवर वाढलेली आहेत. अडचण अशी की, त्याचे जे एकच गाणे जगाला ठाऊक आहे, ते म्हणजे १९७८ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २१व्या क्रमांकापर्यंत गेलेले ‘वेअरवुल्व्ह्ज ऑफ लंडन’, ते आधी लावले तर सगळे हसतात आणि मग पुढचे काहीच गांभीर्याने घेत नाहीत. हा अनुभव मी दोनदा घेतला आहे. तेव्हा सुरुवात कुठून करावी?

जाता जाता एक कबुलीही देतो. २०२५ मध्ये रॉक संगीतातल्या मानकऱ्यांचा गौरव करणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने, त्याच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी, त्याची दखल घेतली, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात आपल्या गल्लीतल्या चहावाल्याकडे अचानक रांग लागावी तसे काहीसे वाटले. असे इतर कुणाला वाटले का?

मध्यसप्तक

१९७६चा, त्याच्याच नावाचा गाण्यांचा संग्रह (अल्बम) घ्यावा आणि त्यातले शेवटचे गाणे सर्वप्रथम लावावे. हा संग्रह गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनने निर्माण केला आहे. १९७०चा पहिला संग्रह पूर्ण पडल्यावर झीव्हॉनने काही काळ एव्हर्ली बंधू या गायक जोडीच्या वाद्यवृंदात पियानो वाजवला आणि १९७५ मध्ये तो स्पेनमधल्या सिट्जेस गावी एका मद्यालयात गाऊ लागला. तिथून त्याला परत आणून हे ध्वनिमुद्रण घडवण्याचे श्रेय ब्राउनचेच आहे.

त्या शेवटच्या गाण्यात, म्हणजे ‘डेस्पराडोज अंडर द ईव्ज’मध्ये, हॉटेलचे बिल कसे द्यायचे याच्या विवंचनेत असलेला एक दारुडा माणूस खोलीतल्या वातानुकूलन यंत्राची घरघर ऐकत बसला आहे. तो ती घरघर स्वतः गुणगुणू लागतो, हळूहळू तिच्यात इतर आवाज मिसळतात आणि त्या कंटाळवाण्या यांत्रिक स्वराचे एक भव्य समूहगान होते. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या दुपारी, वाळ्याच्या ताट्यांमागे घुमणाऱ्या कूलरचा षड्ज ऐकत जो नागपूरकर वाढला आहे, त्याला हे गाणे समजावून सांगावे लागेल असे मला वाटत नाही.

आपले स्नेही शास्त्रीय बाजाचे असतील तर आणखी एक गोष्ट त्यांच्या कानांवर घालावी. याच संग्रहाच्या पहिल्या गाण्यात पियानोवर येणारी सुरावट या शेवटच्या गाण्याच्या आरंभी तंतुवाद्यांवर परत येते. हे योगायोगाने झालेले नाही. हा मुलगा किशोरवयात लॉस एंजेलिसमध्ये संगीतकार इगोर स्ट्राविन्स्कीच्या घरी जात असे, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची ती ओढ त्याच्या रॉक गाण्यांच्या तळाशी शेवटपर्यंत राहिली.

रेशीमबागचा वाचक

वरील सूचना उत्तम आहे, पण माझ्या मते आपल्याकडच्या श्रोत्यांना त्याच्याकडे नेण्याचा रस्ता शब्दांतून जातो. ग्रेस आपल्याच शहरात मॉरिस कॉलेजात शिकवत असत, तरी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींमुळे त्यांच्या ओळी गुणगुणणाऱ्या कितीतरी घरांत ‘हे कुणाचे?’ असे विचारले की उत्तर येत नसे. झीव्हॉनचे अगदी तसेच झाले. गाणी रॉन्स्टॅटच्या गळ्यातून घरोघर गेली आणि लिहिणारा कॅसेटीतल्या कागदावर राहिला. मंडळींना हा धागा आधी सांगितलात, तर ती लगेच कान देतील.

दुसरे गाणे म्हणून ‘रोलंड’ निवडावे. आफ्रिकेतल्या युद्धांत पैशासाठी लढणारा एक नॉर्वेजियन सैनिक, त्याचे मस्तक उडवणारा त्याचाच सोबती, आणि सूड घेण्यासाठी त्या सोबत्याला शोधत खंडोखंडी भटकणारे बिनमुंडक्याचे धड, अशी ती कथा आहे. सिट्जेसच्या त्या मद्यालयाचा मालक डेव्हिड लिंडेल स्वतः पूर्वी भाडोत्री सैनिक होता आणि हे गाणे त्या दोघांनी मिळून लिहिले. आजीकडून भुतांच्या गोष्टी ऐकलेल्या आपल्या पिढीला हे परके वाटणार नाही. फक्त प्रत्येक गाण्याचा आशय मराठीत, चार-पाच ओळींत, कागदावर लिहून हाती द्यावा. गाणे चालू असताना मध्ये बोलून अर्थ सांगू नये. हा दोष आपणा सर्वच भक्तांमध्ये असतो.

कडू कारले

मला ‘उपेक्षित’ या शब्दाबद्दल तक्रार आहे. ज्याच्या १९८७च्या संग्रहात आर.ई.एम. या रॉक बँडचे वादक साथीला आहेत आणि बॉब डिलन हार्मोनिका वाजवतो, आणि ज्याचा आजार कळल्यावर डिलनने २००२च्या शरदात आपल्या मैफलींत त्याची गाणी गायली, तो माणूस त्याच्या व्यवसायबंधूंनी उपेक्षिलेला नव्हता. श्रोत्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली हे खरे. १९८२च्या संग्रहानंतर कंपनीने करार मोडल्याचे तर त्याला नियतकालिकात वाचून कळले. परंतु त्याचे दारूचे व्यसन आणि पत्नीशी केलेले हिंसक वर्तन हेही तितकेच खरे आहे. स्वतः त्या पत्नीने, क्रिस्टल झीव्हॉन यांनी, २००७च्या चरित्रात ते लपवलेले नाही, म्हणून त्या संध्याकाळी तुम्हीही लपवू नये.

शिवाय एक विनंती आहे. ३० ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या डेव्हिड लेटरमनने आपला संपूर्ण कार्यक्रम एकट्या झीव्हॉनला दिला, तेव्हा मृत्यू समोर असताना काय उमगले या प्रश्नावर त्याने प्रत्येक सँडविचचा आस्वाद घ्यावा अशा अर्थाचे उत्तर दिले होते. ते वाक्य आता चहाच्या कपांवर छापतात. कृपया त्याने समारोप करू नये.

धरमपेठी श्रोता

सर्वांचे आभार. कारले यांचे म्हणणे मला झोंबले, आणि ते मान्यही आहे. प्रास्ताविकात क्रिस्टल यांच्या पुस्तकाचा उल्लेख करीन.

क्रम असा ठरवला आहे. आधी १९७६चे शेवटचे गाणे, मग ‘रोलंड’, त्यानंतर रॉन्स्टॅटच्या आणि त्याच्या आवाजातले ‘कार्मेलिता’ पाठोपाठ. उरलेला वेळ ‘द विंड’ या त्याच्या अखेरच्या संग्रहासाठी राखून ठेवीन. फुप्फुसावरणाचा कर्करोग निष्पन्न झाल्यावर डॉक्टरांनी साधारण तीन महिने दिले असताना त्याने हा संग्रह पूर्ण केला. जून २००३ मध्ये त्याने जुळे नातू पाहिले, ऑगस्टच्या अखेरीस संग्रह बाजारात आला आणि ७ सप्टेंबरला, ५६व्या वर्षी, तो गेला. त्यातली काही गाणी गाताना त्याला दम पुरत नाही, हे ऐकू येते. गझलेच्या श्रोत्यांना ती जागा दाखवावी लागणार नाही. ‘वेअरवुल्व्ह्ज’मधला लांडगा चहाच्या वेळी लावीन, तेव्हा हसले तरी चालेल.

मध्यसप्तक यांच्या सूचनेवरून पहिल्या गाण्याआधी क्षणभर कूलर चालू ठेवावा असा विचार होता. परंतु तो ताट्या काढून, धुऊन माळ्यावर गेला आहे आणि खाली उतरवण्यास घरून परवानगी मिळालेली नाही.